नांगर उचलत नाही? मोटर बदलण्याआधी वायर बघा

मागच्या अंकात बोटीवरच्या बॅटऱ्यांविषयी लिहिलं होतं. शेवटी म्हटलं होतं की नांगर उचलणाऱ्या विंडलासबद्दल कुणाचं काही अडलं असेल तर कळवा. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मी व्यापारी जहाजांवर ‘बत्तीसाब’ होतो, आमच्याकडे इलेक्ट्रिशियनला तेच म्हणतात. आता रेवदंड्याला राहून बोटींची विजेची कामं करतो. त्यामुळे उत्तरं वायरीच्या बाजूला जरा झुकलेली वाटतील, पण विंडलासचे निम्म्याहून जास्त आजार तिथेच निघतात.

प्रश्न : काका, माझी ३४ फुटी शिडाची बोट मांडव्याला असते. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, १२ व्होल्टचं, १००० वॅटचं उभं विंडलास आहे. ‘वर’चं बटण पायाने दाबलं की आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि साखळी हलत नाही. कधी चालतं, पण रडत रडत. नांगर १६ किलोचा, साखळी ८ मिलिमीटरची, पाणी सहा-सात मीटर. बॅटऱ्या मागे, कॉकपिटखाली. मेकॅनिक म्हणतो मोटर गेली, नवीन टाका. टाकू का? – एक वाचक, अलिबाग

थांबा, एवढ्यात पैसे काढू नका.

आधी वजनाचा हिशेब करू. आठ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते. सात मीटर सरळ खाली लोंबली तर दहा किलो, वर नांगराचे सोळा. सगळे मिळून सव्वीस, आणि पाण्यात त्याहूनही थोडे कमी. हजार वॅटच्या यंत्राला हे ओझं किरकोळ आहे. म्हणजे एकतर यंत्रापर्यंत वीज पोचत नाही, नाहीतर तुम्ही त्याच्याकडून भलतंच काम करून घेताय. तुमच्या बाबतीत मला दोन्हींचा संशय आहे.

‘टक्’ हा आवाज कंट्रोल बॉक्समधल्या सोलेनॉइडचा, म्हणजे मोटरची जाड वायर जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा. तो येतो म्हणजे पायाचं बटण ठीक, बटणाची बारीक वायर ठीक. आवाजच आला नसता तर मी सांगितलं असतं की बटणाचं रबर बघा. उन्हाने ते तडकतं, आत खारं पाणी जातं आणि पितळी पत्र्या हिरव्या पडतात. अशा वेळी बटणाच्या दोन बारीक वायरी काढून क्षणभर एकमेकींना टेकवायच्या. विंडलास फिरलं तर बटण बाद. पण तुमचं दुखणं त्याच्या पुढे, जाड वायरीच्या बाजूला आहे.

आता मल्टीमीटर घ्या आणि बरोबर एक माणूस घ्या. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने मोटरच्या दोन टर्मिनलवर मीटर धरायचा. साखळीला ओढ असताना, म्हणजे यंत्र खरोखर काम करत असताना आकडा वाचायचा. ओझं नसताना मीटर साडेबारा दाखवतो आणि सगळं आलबेल वाटतं. मेकॅनिक लोक नेमके इथेच फसतात. बटण दाबून धरलेलं असताना बॅटरीवर १२ आणि मोटरवर साडेनऊ आले तर अडीच व्होल्ट वाटेत कुठेतरी जळताहेत. अशा वेळी मोटर बदलणं म्हणजे नळाला पाणी कमी येतं म्हणून नळ बदलण्यासारखं.

वाटेत कुठे जळतात? तुम्ही पाठवलेल्या फोटोत वायरीवर १६ हा आकडा छापलेला दिसतो, म्हणजे सोळा चौरस मिलिमीटर. बॅटरी मागे आणि विंडलास पुढे, म्हणजे तुमच्या बोटीत वायरीची वाट दहा मीटर तरी भरेल. जायची दहा आणि यायची दहा, एकूण वीस. तांब्याचा रोध धरायचा ०.०१७५, त्याला वीसने गुणायचं, सोळाने भागायचं. उत्तर येतं ०.०२२ ओहम. हजार वॅटची मोटर बारा व्होल्टवर ऐंशी-नव्वद अँपिअर सहज ओढते. नव्वद धरले तर नुसत्या वायरीत दोन व्होल्ट गेले. सांध्यांमधला गंज त्यावर वेगळा. हीच वायर ३५ ची असती तर ०.९ व्होल्ट गेले असते, ५० ची असती तर ०.६ च्या आसपास. विंडलाससाठी दहा टक्के, म्हणजे १.२ व्होल्टपर्यंतची घट चालते. तेव्हा ३५ च्या खाली जाऊ नका. खिसा परवानगी देत असेल तर ५० टाका.

बरं, कमी व्होल्टेजने मोटर नुसती हळू फिरते एवढ्यावर भागत नाही. हळू फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. सोलेनॉइडलाही पुरेशी ओढ मिळत नाही. तो थरथरतो, त्याच्या तांब्याच्या टिकल्या ठिणग्यांनी भाजतात, खड्डे पडतात, आणि मग तुमचा तो ‘टक्’. टिकल्या भिडतात पण वीज पलीकडे जात नाही. याहून वाईट म्हणजे कधीतरी त्या एकमेकींना चिकटून बसतात. मग बटणावरून पाय काढला तरी यंत्र फिरतच राहतं आणि नांगर वर येऊन रोलरवर आदळतो. म्हणून विंडलासचा मेन ब्रेकर कुठे आहे ते बोटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक हवं. साखळीला किंवा जिप्सीला हात लावण्याआधी तो पाडायचा, हे तर न सांगताही पाळायचं. जिप्सी म्हणजे साखळीच्या कड्या ज्या खाचांत बसतात ते चाक. त्यात बोट सापडलं तर परत मिळत नाही.

वायर बदलताना तिचे धागे कथलाचा मुलामा दिलेले आहेत ना ते बघा. आपल्याकडे वेल्डिंगची केबल टाकायची पद्धत आहे. ती स्वस्त असते, मऊ असते, दुकानात लगेच मिळते. शेडमध्ये ती उत्तम चालते. नाळेत दोन पावसाळे काढले की तिच्या इन्सुलेशनखाली हाताच्या लांबीइतकं तांबं काळं पडलेलं सापडतं, आणि बाहेरून केबल मात्र नवीकोरी दिसते. वायरीच्या टोकाचा लग (बोल्टला अडकवायचा तांब्याचा तुकडा) हातोडीने चेपू नका, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबा. वरून गोंदवाली श्रिंक स्लीव्ह चढवा.

हे सगळं केल्यावर मोटरच्या टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज येत असेल आणि तरी ती गप्प असेल, तर कार्बन ब्रश झिजलेत किंवा गंजाने अडकलेत. बटण दाबून धरून मोटरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच टकटक करा. दचकून फिरली तर दोष ब्रशचाच. ब्रशचा जोड मोटरच्या किमतीपुढे काहीच नाही.

आता दुसरा संशय. तुम्ही इंजिन बंद ठेवून, नुसत्या विंडलासच्या जोरावर बोट नांगराकडे ओढत नाही ना? मांडव्याच्या समोर ओहोटीची ओढ जबरदस्त. अख्खी बोट प्रवाहाविरुद्ध खेचणं हे त्या यंत्राचं काम नव्हे. इंजिन चालू करा, त्याने अल्टरनेटरचाही आधार मिळतो. बोट हळूहळू नांगराच्या डोक्यावर न्या आणि ढिली पडलेली साखळी तेवढी विंडलासने गोळा करा. साखळी उभी झाली आणि नांगर चिखलात घट्ट बसलेला असला तर तिथे बटण दाबून धरू नका. साखळी स्टॉपरला (साखळी अडवून धरणाऱ्या खटक्याला) किंवा दोराने क्लीटला (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) बांधा आणि इंजिनाने अलगद पुढे जा. बोटीच्या वजनाने नांगर सुटतो. तो सुटला की मग विंडलास.

वायर बदलल्यावर काय आकडे आले ते मात्र कळवा.

प्रश्न : आमची पर्यटकांची बोट पणजीला मांडवीत असते. दहा मिलिमीटरची साखळी गंजली म्हणून तेवढ्याच जाडीची नवी घेतली. आता नांगर उचलताना साखळी जिप्सीवर खटखट उड्या मारते, मध्येच सटकून धडाधड खाली जाते. दुकानदार म्हणतो विंडलास जुनं झालं. – पणजी

विंडलास जुनं असेल, पण ते कालपर्यंत जुन्या साखळीबरोबर नीट चालत होतं ना?

दहा मिलिमीटर ही सळईची जाडी झाली. जिप्सीला जाडीइतकीच कडीच्या आतल्या लांबीशी गरज असते, तिला पिच म्हणतात. आठ मिलिमीटरच्या साखळीत फारसा घोळ होत नाही, कारण जर्मन मापाच्या डीआयएन ७६६ साखळीचा पिच २४ आणि आयएसओ साखळीचाही २४. दहाला मात्र दोन वेगळे पिच आहेत. डीआयएनचा २८, आयएसओचा ३०. एका कडीमागे दोन मिलिमीटरचा फरक. दोन-तीन कड्यांनंतर कडी खाचेत बसण्याऐवजी खाचेच्या कडेवर चढते, आणि मग तुम्ही म्हणता त्या उड्या.

ओळखायचं असं. साखळी डेकवर ताणून ठेवा, पहिल्या कडीच्या आतल्या टोकापासून अकराव्या कडीच्या त्याच बाजूच्या आतल्या टोकापर्यंत मोजा. २८० आलं तर डीआयएन, ३०० आलं तर आयएसओ. जुन्या साखळीचा तुकडा फेकला नसेल तर तोही मोजा. झिजलेली साखळी थोडी लांबलेली असते, तेवढं धरून चाला. बहुतेक जिप्सींवर माप कोरलेलं असतं, घासून बघा.

उपाय दोन. दुकानदार साखळी परत घेत असेल तर उत्तम. घेत नसेल तर नवं विंडलास नको, फक्त जिप्सी बदला. एकाच विंडलासला वेगवेगळ्या मापांच्या जिप्सी मिळतात. तोवर मात्र त्या साखळीने प्रवासी घेऊन नांगर टाकू नका. सटकलेली साखळी पाय बघत नाही.

माप बरोबर निघालं तर जिप्सीच्या मागे साखळी सोडवणारी जी लोखंडी जीभ असते ती वाकली आहे का बघा, आणि साखळीला पीळ पडलाय का तेही.

प्रश्न : आम्ही ऑकलंडला असतो. शनिवार-रविवारी हौराकी आखातात जातो. साखळी वर घेताना खालच्या पेटीत तिचा मनोरा होतो आणि विंडलास अडतं. दर वेळी कुणीतरी आत हात घालून तो पाडतं. काही कायमचा उपाय? – ऑकलंड, न्यूझीलंड

हात घालणं आजपासून बंद. लाकडी काठी ठेवा.

डेकवरच्या पाइपाचं तोंड आणि साखळीच्या ढिगाचा माथा यांत संपूर्ण साखळी आत आल्यावरही किमान ३० सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर साखळीला स्वतःच्या वजनाने खाली जायला जागा उरत नाही. तुमची पेटी उथळ असावी. तिचा तळ खाली नेता येतो का बघा, किंवा विंडलास थोडं मागे, जिथे नाळ खोल असते तिथे घेता येतं का. मनोऱ्याखाली एखादी उलटी बादली घट्ट बसवली तर ढीग बाजूला ओघळतो, असं करणारे लोक मी पाहिलेत. चालतं. गंजून खरखरीत झालेली साखळी जास्त ढीग करते हेही लक्षात ठेवा.

पेटीत उतरलाच आहात तर साखळीचं शेवटचं टोक बघून घ्या. ते शॅकलने, म्हणजे पिनेच्या लोखंडी कडीने, थेट बोटीला अडकवलेलं नसावं. मजबूत दोराने बांधलेलं असावं, आणि दोर इतका लांब की सगळी साखळी बाहेर गेली तर तो डेकवर दिसेल. रात्री वारा फिरला आणि नांगर सोडून पळायची वेळ आली तर तो दोर सुरीने कापता येतो. गंजलेलं शॅकल त्या वेळी सुटत नाही.

प्रश्न : मालवणात आमची छोटी पर्यटन बोट आहे. पावसाळ्यात ती वर काढतो. गेल्या वर्षी बंद करताना विंडलासला जुनं काळं इंजिन ऑइल फासून, वर प्लास्टिक बांधून ठेवलं. दिवाळीच्या आधी उघडलं तर बोल्ट जाम, आणि जिप्सी मोकळी गरगरते, साखळी धरत नाही. चुकलं काय? – मालवण

ऑइल आणि प्लास्टिक, दोन्ही.

विंडलासच्या आत शंकूच्या आकाराचा क्लच असतो. हँडलने तो आवळला की जिप्सी शाफ्टला धरली जाते. तिथे पातळ तेल झिरपलं की पकड जाते. जिप्सी काढा, दोन्ही शंकू डिझेलने धुऊन कोरडे करा आणि बनवणाऱ्याच्या पुस्तकात सांगितलं असेल तेवढंच ग्रीस लावा. बहुतेक ठिकाणी ते अगदी हलकं, बोटाने पुसल्यासारखं असतं. साखळी तरीही घसरली तर शंकू झिजलेत. आणि फासलेलं काळं ऑइल पहिल्या पावसात खाली ओघळतं ते खाडीतच जातं, हेही आहे.

प्लास्टिकचं म्हणाल तर कोकणातल्या आषाढात ते घट्ट बांधलं की आत घाम सुटतो. त्यापेक्षा ताडपत्री किंवा जाड कापडाची टोपी घाला आणि खालून वारा जाऊ द्या.

बोल्ट जाम होण्याचं कारण वेगळं. तुमच्या विंडलासची बॉडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचे. खारं पाणी मध्ये आलं की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ती पांढरी भुकटी दिसते ना, तीच. गंज सैल करणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, हीट गनने बॉडी थोडी तापवा, मग पान्याने आधी जरासं घट्ट करायचं आणि मग सैल. सरळ जोर लावाल तर बोल्टचं डोकं हातात येईल. परत बसवताना आट्यांवर दोन धातूंना वेगळं ठेवणारी पेस्ट लावा. डेक आणि बॉडीच्या मध्ये रबरी गॅस्केटही हवं.

मासेमारीच्या बोटी १ जून ते ३१ जुलै या बंदीत वर येतात, तुमचीही साधारण तेव्हाच येते. त्या दिवसांत एक काम कराच : गिअरबॉक्सचं ऑइल. काचेतून बघा, नसेल तर थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. आतला ब्राँझचा गिअर पाण्यात वर्षभर फिरला की त्याचे दाते वस्तऱ्यासारखे धारदार होतात आणि एक दिवस नांगर अर्ध्यावर लटकत राहतो. सील बदला, मग ऑइल. बऱ्याच यंत्रांना ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं, पण पुस्तकातलं बघूनच भरा.

साखळी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, उलटी करून बसवा, म्हणजे नांगराकडचं टोक पेटीत आणि पेटीतलं नांगराकडे. जस्ताचा मुलामा नांगराकडच्या वीस-पंचवीस मीटरवर आधी उडतो. उलटवल्याने दोन्ही टोकं सारखी झिजतात.

प्रश्न : माझा मुलगा बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, आहे. नांगर टाकताना ब्रेक धरेना, साखळी सुसाट गेली, ठिणग्या आणि धुळीचे लोट उठले, असं त्याने फोनवर सांगितलं. सारंगाने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) कसाबसा ब्रेक लावला म्हणे. विंडलासमध्ये दोष होता का? फार काळजी वाटते. – डोंबिवली

काळजी रास्त आहे, पण मुलगा तुमच्याशी हे बोलतो ही चांगली गोष्ट आहे.

मोठ्या जहाजावर साखळी २७.५ मीटरच्या तुकड्यांत मोजतात, त्या तुकड्यालाही शॅकलच म्हणतात. नांगर आणि तीन शॅकल उभे लोंबत असताना ते मिनिटाला सरासरी ९ मीटरने वर घेता आले पाहिजेत, अशी विंडलासची मोजणी असते. ब्रेकची मोजणी वेगळी. साखळी तुटायला जितका जोर लागेल त्याच्या ४५ टक्के ब्रेकने एकट्याने पेलायचे, तेही जोडीला चेन स्टॉपर असेल तर. नसेल तर ८० टक्के. हे आकडे थांबलेली साखळी धरून ठेवण्याचे आहेत. सुसाट धावणारी साखळी थांबवणं फार वेगळं. वेग वाढला की ब्रेकचं लायनिंग तापतं, तापलं की पकड सुटते, पकड सुटली की वेग आणखी वाढतो. म्हणून पाणी खोल असेल तर नांगर ब्रेकवर सोडून देत नाहीत. विंडलास गिअरमध्ये ठेवून मोटरनेच सावकाश तळापर्यंत उतरवतात.

तेव्हा दोष यंत्राचाच असेल असं नाही. लायनिंग झिजलं असेल, ड्रमवर तेल आलं असेल, ब्रेकच्या पिना गंजून अडल्या असतील, किंवा नांगर नको तितक्या उंचीवरून मोकळा सोडला असेल. मुलाला सांगा, पुढच्या वेळी सारंगाबरोबर ब्रेक पूर्ण आवळल्यावर स्क्रूचे किती आटे शिल्लक राहतात ते बघ. जवळजवळ संपले असतील तर लायनिंग बदलायची वेळ उलटून गेली आहे, आणि ते चीफ मेटच्या कानावर घालणं हे कॅडेटचंही काम आहे.

उभं कुठे राहायचं हे त्याहून महत्त्वाचं. साखळीच्या रेषेत कधीच नाही. डोळ्यांना गॉगल, डोक्याला हेल्मेट. विंडलास हायड्रॉलिक असेल तर मोटरपासूनही लांब. लाटांत जहाज साखळीला हिसके देत असताना जोर करून नांगर ओढायला गेलं की त्या मोटरमधला दाब भलताच चढतो आणि मोटर फुटून माणसं जखमी होतात. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २००९ मध्ये यावर मुद्दाम इशारा काढला होता. अशा वेळी आधी जहाज इंजिनाने पुढे घेऊन साखळी ढिली करायची असते. तो निर्णय ब्रिजवरचा, पण पुढे उभ्या असलेल्या माणसाने साखळीची ओढ कुठे आहे ते ओरडून कळवलं तरच तो घेता येतो.

प्रश्न : वीज पूर्ण गेली तर नांगराचं काय करायचं? – मुरुड

टाकायचा असेल तर क्लच हँडलने हळूहळू सैल करा, नांगर स्वतःच्या वजनाने जातो. वेग आवरायला पुन्हा आवळा.

उचलायचा असेल तर बऱ्याच विंडलासना हाताने फिरवायची सोय असते. वेळ लागतो, पण येतो. ती सोय नसेल आणि बोट शिडाची असेल तर साखळीला लांब दोराची सरकती गाठ मारा, दोर मागच्या शिडाच्या विंचवर घ्या आणि ओढा. गाठ विंचजवळ आली की साखळी क्लीटला अडकवून गाठ परत पुढे न्या. सहा-सात मीटर पाण्यात दोन माणसांना हे जमतं. हँडल मात्र केबिनमध्ये गादीखाली नको, नाळेवरच्या पेटीत दोरीने बांधून ठेवा.